डॉक्टरबाईंना विचारा : पोटात बाळ, पोटावर पिशवी

प्रश्न : डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले, द्राक्षबाग आहे. माझी सून २६ वर्षांची, पहिलीच खेप. तिला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा होण्याचा आजार, आहे हे तिच्या वडिलांनी बोलणी करतानाच सांगितलं होतं, लपवलं नाही. दिवस गेल्यावर बाळाला गोळ्यांचा त्रास नको म्हणून तिने गोळ्या बंद केल्या. आम्हीही बरं म्हणालो. चौथ्या महिन्यात संडासवाटे रक्त पडू लागलं. मूळव्याध असेल म्हणून गावात औषध घेतलं. महिन्याभराने एकदम बिघडलं, मिरजेला नेलं. आधी सलाइन-इंजेक्शनं झाली आणि सहाव्या महिन्यात ऑपरेशन करून मोठं आतडं काढलं. आता सातवा सरत आला आहे, पोटावर पिशवी आहे, बाळ चांगलं आहे म्हणतात. माझी जाऊ म्हणते, बाळ होईपर्यंत दम धरायला हवा होता, डॉक्टरांनी घाई केली. बाळंतपण कसं होणार? पिशवी जन्मभर का? शेजारी कॅन्सर म्हणतात. एक्सरे काढला, भूल दिली, त्याने बाळात काही खोट येईल का? डोहाळजेवण करायचं मनात आहे, पण सून नको म्हणते. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स सोबत जोडली आहे.
– एक सासू, तासगाव

उत्तर : ताई, जावेला सांगा, घाई झालेली नाही. उशीर मात्र झाला, आणि तो मिरजेला पोचायच्या आधी झाला.

झेरॉक्स पाठवलीत हे फार बरं केलंत. नाहीतर अशा पत्राला ‘तुमच्या डॉक्टरांना विचारा’ एवढंच उत्तर देता येतं. कार्डावर लिहिलंय : दाखल झाली तेव्हा दिवसाला १२ वेळा रक्ताची संडास, नाडी ११८, ताप, हिमोग्लोबिन ७.८. ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या दोन डॉक्टरांनी १९५५ मध्ये एक मोजपट्टी घालून दिली, ती आम्ही आजही वापरतो. दिवसाला ६ किंवा जास्त रक्ताच्या संडास आणि जोडीला नाडी ९० च्या वर, ताप ३७.८ सेल्सिअसच्या वर, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली किंवा ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ३० च्या वर, यातलं एक जरी असलं तरी तो तीव्र झटका धरायचा आणि रुग्णाला घरी पाठवायचं नाही. गरोदरपणात हिमोग्लोबिन थोडं उतरतं, ईएसआर चढतो, नाडीही जरा वाढते. म्हणून एखाद्या आकड्याने आम्ही घाबरत नाही. पण तुमच्या सुनेचे सगळेच आकडे बिघडलेले होते.

पुढे काय झालं तेही कार्डावर आहे. पहिल्या दिवसापासून शिरेतून स्टेरॉइड. संडासची तपासणी करून अमिबा आणि इतर जंतू नाहीत याची खात्री. आपल्याकडे ही तपासणी चुकवून चालत नाही, आमांशाचं रक्त आणि कोलायटिसचं रक्त डोळ्यांना सारखंच दिसतं. आतून दुर्बीण घातली ती छोटी, डाव्या कुशीवर निजवून, फक्त खालच्या भागापुरती. गरोदर बाईला तेवढी चालते. तिसऱ्या दिवशी पुन्हा हिशोब केला, तेव्हाही ९ संडास आणि सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारी आणखी एक रक्ततपासणी, ८६. तिसऱ्या दिवशी ८ पेक्षा जास्त संडास असतील, किंवा ३ ते ८ असून सीआरपी ४५ च्या वर असेल, तर शंभरातल्या सुमारे ८५ जणांचं आतडं त्याच मुक्कामात काढावं लागतं, असं ऑक्सफर्डच्याच डॉक्टरांनी १९९६ मध्ये दाखवलं. अलीकडे दुसऱ्या फळीची औषधं आल्यामुळे यातले बरेच जण वाचतात. तुमच्या सुनेलाही ते औषध, इन्फ्लिक्सिमॅब, दिलं होतं. त्याला चार-पाच दिवस वाट पाहिली. गुण आला नाही, उलट पोट फुगलं. म्हणून एक्सरे काढला आणि त्यात मोठं आतडं ६ सेंटिमीटरच्या वर ताणलेलं दिसलं.

असं ताणलेलं आतडं फुटू शकतं. फुटलं की आतली घाण पोटभर पसरते, आईचं ब्लड प्रेशर कोसळतं आणि बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. त्यातून आई कशीबशी सुटली तरी बाळ बहुतेक वेळा हाती लागत नाही. आतडं फुटायच्या आधी काढलं तर बाळ टिकण्याची शक्यता खूपच चांगली असते. बाळासाठी ऑपरेशन पुढे ढकलायचं म्हणणाऱ्यांना एवढं समजावून सांगितलं की बहुतेक जण सही करतात. आमच्याकडे सहीपाशी फार वेळ जातो, ताई. नवरा म्हणतो वडिलांना विचारतो, वडील म्हणतात तिच्या माहेरच्यांना येऊ द्या, आणि तोवर तिची नाडी चढतच असते.

सहावा महिना होता हे त्यातल्या त्यात नशीब. पहिल्या तीन महिन्यांत मोठं ऑपरेशन केलं तर गर्भपाताची भीती जास्त, शेवटच्या तीन महिन्यांत वेळेआधी कळा सुरू होण्याची, आणि गर्भाशय एवढं मोठं झालेलं असतं की आतड्यापर्यंत हात पोचवणंच अवघड. मधला काळ सोयीचा. पण कुणी वाचकाने यावरून ‘दुसऱ्या तिमाहीपर्यंत थांबू’ असा अर्थ काढू नये. आतडं फुटायला आलं असेल तर आठव्या आठवड्यातही ऑपरेशन करावं लागतं. ३४ आठवड्यांच्या पुढे असेल तर पुष्कळदा आधी सिझर करून बाळ बाहेर काढतात आणि त्याच टेबलावर आतड्याचं काम करतात.

एक्सरेची भीती मनातून काढून टाका. किरणांचा बाळावर वाईट परिणाम होण्याची काळजी ५० मिलिग्रेच्या (हे किरणांचं माप) पुढे. पोटाच्या एका एक्सरेत बाळाला फार तर ३ मिलिग्रे मिळतात. भुलेचंही तसंच. बाळाचे अवयव पहिल्या तीन महिन्यांत घडतात, ते कधीच घडून झाले होते. आणि नेहमीच्या भुलेच्या औषधांनी माणसाच्या बाळात व्यंग येतं असं आजवर दिसलेलं नाही. भूल देणारे डॉक्टर टेबलावर जपतात ते वेगळ्याच गोष्टींना : आईचा ऑक्सिजन पडू नये, ब्लड प्रेशर पडू नये. त्यासाठी टेबल थोडं डावीकडे कलतं ठेवतात, म्हणजे गर्भाशयाचं ओझं पाठीमागच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर येत नाही. बाळाचे ठोके आधी आणि नंतर तपासल्याची नोंद कार्डावर आहे. १४८ आणि १५२, उत्तम.

आता पिशवी. मोठं आतडं काढून लहान आतड्याचं तोंड पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर आणलंय, आणि गुदाशयाचा खालचा तुकडा आत तसाच ठेवलाय. ‘तेव्हाच आत जोडून का नाही टाकलं?’ हे सगळेच विचारतात. आठवडाभर स्टेरॉइड घेतलेली, रक्त कमी, प्रोटीन कमी अशा बाईच्या पोटातला जोड नीट भरून येत नाही. तो गळला तर मघाशी सांगितलं ते सगळं संकट पुन्हा उभं. पिशवीमुळे तो धोकाच टळतो. जन्मभर ठेवायचीच असंही नाही. बाळंतपण होऊन तब्येत भरली की काही महिन्यांनी लहान आतड्याच्याच टोकाची आत एक थैली शिवून ती खाली जोडता येते. ही पद्धत लंडनच्या सेंट मार्क्समधल्या पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. मात्र एक गोष्ट मुलाच्या आणि सुनेच्या कानावर घाला, कारण ती घाईगर्दीत सांगायची राहून जाते : या थैलीच्या ऑपरेशनात ओटीपोटात खोलवर काम होतं, गर्भनलिकांभोवती चिकटा तयार होतो आणि पुढे दिवस राहायला अडचण येऊ शकते. दुर्बिणीतून केलं तर तो त्रास कमी. म्हणून दुसरं मूल हवं असेल तर ते आधी होऊ द्यायचं आणि थैली नंतर, असंही काही जोडपी ठरवतात. पिशवी असताना दिवस जातात, बाळंतपणंही होतात. फक्त आत राहिलेल्या तुकड्याची अधूनमधून दुर्बिणीने तपासणी हवी, तो विसरून चालत नाही. हा निर्णय त्या दोघांचा. आपण सासूबाईंनी त्यात फार पडू नये, हे मी स्वतः सासू झाल्यावर सांगतेय.

बाळंतपण नॉर्मल होऊ शकतं. पिशवी आहे म्हणून सिझर, असा नियम नाही. पोटावर टाके आहेत ते पोटाच्या भिंतीचे, गर्भाशयाला सुरी लागलेली नाही. पुढे थैली करायची असेल तर खालचे स्नायू फाटू नयेत म्हणून काही डॉक्टर सिझर पसंत करतात, काही करत नाहीत. तिचे सर्जन आणि बाळंतपणाचे डॉक्टर यांना एकत्र बसवून आठव्या महिन्यातच ठरवून घ्या. सिझर ठरलं तर सर्जन हजर असावेत, आतडी चिकटलेली असू शकतात. आणि पहिली खेप माहेरी म्हणून तिला तिकडे पाठवायचा विचार असेल तर या वेळी तो सोडा, तिच्या आईला तासगावला बोलवा. रक्तपेढी, नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आणि पोटाचा सर्जन जिथे एका छताखाली आहे तिथेच बाळंत व्हायचं. १८९४ मध्ये वानलेस साहेबांचं मिशन हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासून पंचक्रोशी आणि पार कर्नाटकातले लोक मिरजेला येतात. तुम्हाला ती हाकेच्या अंतरावर आहे, त्याचा फायदा घ्या.

पुढच्या दोन महिन्यांत घरात काय बघायचं ते नीट वाचा, आणि सुनेलाही वाचू द्या. पोट वाढेल तसं पिशवीचं तोंड आकार बदलतं, रुंद होतं, कधी सपाट होतं, कधी बाहेर डोकावतं. महिन्यापूर्वी कापलेल्या मापाची प्लेट, म्हणजे पिशवीची कातडीला चिकटणारी चकती, आज बसणार नाही. दर दोन आठवड्यांनी माप घ्या, नाहीतर बाजूची कातडी सोलवटून निघते. तिला स्वतःला आता तिथलं दिसत नसेल, भिंतीवर आरसा टांगा. परकराची नाडी नेमकी स्टोमावर, म्हणजे आतड्याच्या बाहेर आणलेल्या तोंडावर, येत असेल तर वर किंवा खाली घ्या, किंवा रुंद इलॅस्टिकचा परकर शिवून घ्या.

मोठं आतडं नसल्यामुळे मीठ आणि पाणी दोन्ही भराभर निघून जातं. उन्हाळ्यात नुसतं पाणी पाजत राहिलात तर तहान भागत नाही आणि मीठ आणखी उतरतं. ओआरएस, मीठ घातलेली भाताची पेज, ताक. पिशवी दिवसभरात दीड लिटरच्या वर भरायला लागली, लघवी कमी आणि गडद झाली, तर दवाखाना गाठा. मक्याचं कणीस, ओलं खोबरं, ऊस, अख्खे शेंगदाणे यांचा गोळा होऊन तोंड तुंबतं. भडंगातले शेंगदाणे तिने वेचून बाजूला ठेवावेत. बागाईतदाराच्या घरात हे सांगणं जड जातंय, पण बेदाणे मूठमूठ खायचे नाहीत. ते आत जाऊन फुगतात. द्राक्षं थोडी, साल काढून, चावून.

पाच-सहा तास पिशवीत काहीच आलं नाही, पोटात कळ येतेय, उलटी होतेय, तर ती बाळंतपणाची कळ समजून घरी बसू नका. वाढत्या गर्भाशयाने आतडं दाबलं जाऊ शकतं. १०८ ला फोन करा आणि सर्जन आहेत तिथेच न्या.

पोटात टोचायचं इंजेक्शन चालू आहे ते रक्त गोठू नये म्हणून. कोलायटिस, ऑपरेशन आणि गरोदरपण, तिन्हींत पायात गाठ होण्याचा धोका वाढतो आणि इथे तिन्ही एकत्र आहेत. ते औषध वारेतून बाळाकडे जात नाही. दुखतं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या कार्डावर लिहिल्या आहेत तशाच हळूहळू उतरवा, आणि त्यांच्यामुळे साखर वाढते म्हणून साखरेची तपासणी चुकवू नका.

आणि हे एक वहीत लिहून ठेवा, शक्यतो लाल पेनने. इन्फ्लिक्सिमॅब पाचव्या महिन्यानंतर वारेतून बाळाकडे जातं आणि जन्मानंतर काही महिने त्याच्या रक्तात राहू शकतं. आपल्याकडे बाळ जन्मलं की बीसीजी टोचतात, ती जिवंत जंतूंची लस. २०१० मध्ये ब्रिटनमधून एक प्रकरण प्रसिद्ध झालं : आईला गरोदरपणभर हे औषध चालू होतं, बाळाला तिसऱ्या महिन्यात बीसीजी दिली, ती अंगभर पसरली आणि बाळ गेलं. तुमच्या सुनेला एकच डोस आणि तोही बाळंतपणाच्या खूप आधी, त्यामुळे धोका कितीतरी कमी. तरी प्रसूतीच्या खोलीत शिरतानाच सिस्टरना आणि बाळाच्या डॉक्टरांना सांगायचं की बीसीजी आणि तोंडावाटे पोलिओ तुम्ही म्हणाल तेव्हाच. जन्मल्यावर टोचायची काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बीची लस जिवंत जंतूंची नाही, ती खुशाल द्यावी.

शेजाऱ्यांना सांगा, हा कॅन्सर नव्हे, लागणही होत नाही. बाळाला हाच आजार होण्याची शक्यता शंभरात काहीजणांची, म्हणजे बहुसंख्य मुलांना होत नाही. बाळाला अंगावर पाजायलाही हरकत नाही.

डोहाळजेवण तिच्या मनाने घ्या. नको म्हणते ते बहुधा पिशवीच्या धास्तीने : वास येईल, आवाज होईल, ओटी भरताना कुणाचा हात लागेल. नीट बसवलेल्या पिशवीचा वास येत नाही. ओटी पदरात भरतात, पोटावर नाही. बायका निवडून बोलवा, जेवणाआधी पिशवी रिकामी करू द्या. तरीही नको म्हणाली तर बारशाला करा काय करायचं ते.

प्रश्न : मी २८ वर्षांची, कराडला राहते. मला क्रोन्स, म्हणजे आतड्याला वारंवार सूज येण्याचा आजार, आहे. आधी टीबी समजून सहा महिने औषधं झाली, नंतर निदान बदललं. आता लहान आतड्याचा शेवटचा भाग अरुंद झालाय, महिन्यातून दोनदा तरी पोट फुगून उलट्या होतात. डॉक्टर म्हणतात आधी ऑपरेशन, मग बाळ. सासरी म्हणतात आधी बाळ, वय निघून चाललंय. आजार दाबून ठेवायची गोळी, अ‍ॅझाथायोप्रिन, चालू आहे, ती तरी बंद करू का?
– क. पा., कराड

उत्तर : क., आधी ऑपरेशन. इथे मी सासरच्यांच्या बाजूने एक वाक्यही लिहू शकत नाही.

तुझं आतडं आत्ताच महिन्यातून दोनदा तुंबतंय. सहाव्या-सातव्या महिन्यात गर्भाशय वर सरकलं की तोच अरुंद भाग आणखी दाबला जाईल आणि जे ऑपरेशन आज तारीख ठरवून, तब्येत सुधारून, बहुतेक दुर्बिणीतून होईल, तेच रात्री दोन वाजता पोट उघडून करावं लागेल, आणि वरच्या पत्रातल्या सुनेसारखी पिशवीही लागेल. ठरवून केलेल्या ऑपरेशनात बहुतेकदा तुकडा काढून तिथल्या तिथे जोडतात. दिवस राहण्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही, ते ओटीपोटात खोल उतरण्याचं काम नव्हे. एमआरआय वगैरे काय करायचं ते आत्ताच उरकून घे. शेवटचा भाग काढल्यावर बी-१२ शोषलं जात नाही, ते तपासून इंजेक्शनं घे.

ऑपरेशननंतर आजार निदान तीन ते सहा महिने शांत हवा. शांत असताना दिवस गेले तर पुढे झटका येण्याची शक्यता इतर वेळेसारखीच, साधारण तिघींत एक. आजार भडकलेला असताना दिवस गेले तर तिघींतल्या दोघींचा तो तसाच राहतो किंवा वाढतो, आणि मग गर्भपात, अपुऱ्या दिवसांचं बाळ, कमी वजन हे सगळं मागे लागतं. म्हणून अ‍ॅझाथायोप्रिन बंद करायची नाही, गरोदरपणातही नाही. तासगावच्या पत्राची सुरुवात पुन्हा वाच. बंद करायचं औषध दुसरं : मेथोट्रेक्सेट. ते कुणी सुरू केलं असेल तर दिवस राहण्याआधी तीन महिने थांबवायचं, त्याने गर्भ बिघडतो. फॉलिक अ‍ॅसिड आजपासून घे.

वय २८ म्हणजे काही निघून गेलेलं नाही. खर्चाचं म्हणशील तर रेशनकार्ड घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेट आणि महात्मा जोतीराव फुले योजनेत तुझं ऑपरेशन बसतं का ते दाखल होण्याआधी विचार, नंतर नाही.

प्रश्न : मला कोलायटिस आहे, चार वर्षं सल्फासॅलाझिन घेतो, त्रास काही नाही. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल नाही. बायकोच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या. आता तिला पुण्याला न्यावं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तिला कुठेही नेऊ नका, तुम्ही जा. सल्फासॅलाझिनने पुरुषांचे शुक्रजंतू कमी होतात आणि मंदावतात. दोन वर्षांत तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या आणि तुमची एक साधी वीर्यतपासणी झाली नाही, यावर मी जास्त लिहीत नाही. ती या आठवड्यात साताऱ्यातच करून घ्या. मग रिपोर्ट घेऊन पोटाच्या डॉक्टरांकडे जा आणि त्याऐवजी मेसालाझिन चालेल का विचारा. बहुतेकांना चालतं आणि त्याने हा त्रास होत नाही. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका, आजार उसळेल. औषध बदलल्यावर दोन-तीन महिन्यांत नवे शुक्रजंतू तयार होतात, तेव्हा तपासणी पुन्हा करा. त्यातही कमी आले तर दोघांनी मिळून पुण्याला जा.